जास्त भेटी आधी

९ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार तर आहेच, पण हे पत्र कामाचं आहे. म्हणून आधीच सांगते, अर्ध्यावर ठेवून चहा करायला उठू नकोस.

फोनवर बोलणं आता आपल्या दोघांनाही जमत नाही. मी ओरडते, तू "हो, हो" म्हणतोस, माझा घसा बसतो आणि तुला काय समजलं ते तुलाच ठाऊक. मोबाइलवर मी दोन शब्द लिहिते, तू एक लिहितोस, संपलं. त्यापेक्षा पत्र बरं. वहिनी होती तोवर तुमच्याकडची पत्रं तिच्याच हातची असायची. तू फक्त शेवटी "मी मजेत आहे" अशी ओळ टाकायचास. तीसुद्धा तीच तुला सांगायची, असा मला दाट संशय आहे.

तर काम असं. आमचं ऑफिस औषधांच्या चाचण्यांचा एक मोठा डेटाबेस सांभाळतं. कुठलं नवीन औषध, कुठल्या आजारावर, कुठल्या दवाखान्यात, कशा माणसांवर तपासलं जातंय आणि त्यातून काय निघालं, हे सगळं त्यात असतं. तो सगळ्यांना खुला आहे. पण खुला आहे म्हणून हवं ते सापडतंच असं नाही. आत शिरलेला माणूस भांबावतो. त्याला वाट दाखवणारी पुस्तिका लिहायची, हे सध्या माझं काम आहे.

टेबलासमोरच्या भिंतीवर मी तीन कार्डं चिकटवली आहेत. एकावर संशोधक बाई. तिला सगळे आकडे एकगठ्ठा उतरवून हवे असतात. दुसऱ्यावर घाईतले डॉक्टर. बाहेर पेशंट ताटकळलेत आणि यांना उत्तर आत्ता हवंय. तिसऱ्यावर रुग्णाचा भाऊ. त्याला यातलं काहीच माहीत नाही, तो घाबरलेला आहे आणि चष्मा घरी विसरून आलाय. तिघेही खोटे, मीच जन्माला घातलेले. पण दिवसभर माझं बोलणं त्यांच्याशीच चालतं. संशोधक बाई फार खडूस आहे.

तिसऱ्या कार्डासाठी मला खरा माणूस हवा. ऑफिसने तपासायला दिलेली मंडळी सगळी पंचविशीची. त्यांची बोटं झपाझप चालतात, ती कुठेच अडत नाहीत आणि त्यामुळे मला त्यांचा काडीचा उपयोग नाही. तू जन्मभर कारखान्यात पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्यांतून तडकलेली बाटली हेरलीस. त्या खणखणाटात कान गेले, पण नजर शाबूत आहे. सोबत दोन प्रकरणं छापून पाठवते आहे. वहिनीचा कॉम्प्युटर चालू कर, कुठलाही एक आजार निवड आणि मी लिहिलंय तसं करत जा. जिथे पुढे जाता येणार नाही तिथे "इथे अडकलो" एवढंच लिही. का अडकलास ते शोधणं माझं काम.

पगार मिळणार नाही. चहा आपला आपण करून घ्यायचा.

तुझी
छोटी


२१ जानेवारी

चि. छोटी,

आशीर्वाद घे आणि चष्मा लाव, माझं अक्षर बिघडलंय.

चहा करायला उठलोच होतो. परत येऊन पत्र पहिल्यापासून वाचलं, म्हणजे तुझं नुकसान काही झालं नाही.

कॉम्प्युटरवर तिने घातलेलं कापड होतं, ते काढून घडी करून ठेवलं. चालू व्हायला त्याने बराच वेळ घेतला, पण झाला. आता तुझं प्रकरण पहिलं. "उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातलं बटण दाबा" असं तू म्हणतेस. माझ्या त्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. मग लक्षात आलं की मी अक्षरं मोठी करून घेतली होती, त्यामुळे कोपरा पळून खाली गेला. इथे अडकलो. पुढे "प्राथमिक परिणाम" असा शब्द येतो. त्याचा अर्थ तू दोन पानांनी सांगतेस, पण तिथे पोचेपर्यंत मी चिडलो होतो. इथेही अडकलो असं धर.

निम्म्या लोकांना खरं औषध देतात आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशी खोटी गोळी, हे तू चांगलं समजावलंस. फक्त त्यात फसवणूक नसते, सगळं आधी सांगून सही घेतात, हे घाल. लोक उगाच बिचकतात.

आजार मी निवडला तो म्हातारपणी चालताना तोल जाण्याचा. हाताशी होता म्हणून. त्यावर बऱ्याच चाचण्या सापडल्या. पण माणसाला तिथे किती वेळा जायचं, किती वेळ बसायचं आणि समोर कोण असतं, हे कुठे बघायचं ते तू लिहिलंच नाहीस. माहिती आत आहे, पण पार तळाशी, एका लांबलचक परिच्छेदात पुरल्यासारखी. तिथे मी चांगलाच अडकलो.

पुढची प्रकरणं पाठव. मंगळवार सोडून मला वेळच वेळ आहे.

मी मजेत आहे. (ही ओळ माझी.)

दादा


४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र आधी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून, मग लाल पेन घेऊन. पळालेल्या कोपऱ्याने मला घाम फोडला. आता सगळीकडे बटणाची जागा काढून त्याचं नाव लिहिते आहे.

आणि भेटींचं म्हणशील तर तू नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंस. मीटिंगमध्ये मी तुझी वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवली. आमचे मुख्य सहसा कशालाच मान डोलवत नाहीत, पण ते म्हणाले, माणसाला किती खेटे घालावे लागणार हे आधी कळायलाच हवं. त्यामुळे यादीत आता भेटींचा वेगळा रकाना आला आहे. कमी भेटींच्या चाचण्या वर, जास्त भेटींच्या खाली. आजारी माणसाला हेलपाटे कोणाला हवे असतात? वहिनीच्या वेळी तू दवाखान्यातल्या त्या लाकडी बाकावर किती बसलास ते मी पाहिलंय. हा रकाना तुझा आहे असं समज.

भिंतीवर चौथं कार्ड लावलं. नाव, बाटलीवाले. स्वभाव चिकट, वाचल्याशिवाय पान उलटत नाहीत, खोट काढल्याशिवाय जेवण पचत नाही. संशोधक बाईशी त्यांचं अजिबात जमत नाही, पण डॉक्टर जरा वचकून असतात.

मंगळवारी काय असतं? या वयात कुठे नाव घातलंस की काय? मला सांग, मी कोणाला सांगणार नाही. सांगायला इथे आहेच कोण.

पुस्तिका एप्रिलअखेर लोकांसमोर जायची आहे. त्याआधी मार्चमध्ये चार दिवस तुझ्याकडे यावं असं मनात आहे. खिडकीतली वहिनीची झाडं अजून आहेत ना?

छोटी


१६ फेब्रुवारी

चि. छोटी,

झाडं आहेत. दोन गेली. ती काढली नाहीत, रिकाम्या कुंड्या डोळ्यांना बऱ्या वाटत नाहीत.

तिसरं आणि चौथं प्रकरण झालं. कोपरा आता पळत नाही. खुणा केलेली पानं सोबत आहेत, दोन गोष्टी इथे सांगतो.

पहिली. काही चाचण्यांपुढे "घरी भेट: होय" असं येतं. कोण येतं? आत येऊन बसतं, की औषधाची पेटी दारात ठेवून निघून जातं? कधी येणार ते आधी सांगतात का? या सगळ्यात फार फरक आहे. इथे अडकलो.

दुसरी. तो नवा रकाना चांगला आहे, पण यादी उलटी लागली आहे. जास्त भेटींच्या चाचण्या आधी यायला हव्यात आणि कमीच्या नंतर. आता मला दर वेळी शेवटच्या पानापर्यंत जावं लागतं. दुरुस्त करून घे.

मंगळवारचं विचारलंस. एका ठिकाणी जावं लागतं, एवढंच. नाव वगैरे काही नाही, बस धरायची आणि यायचं.

तू येतेस हे बरं झालं. बाहेरच्या खोलीतला दिवा गेला होता, तो बदलून घेतला. गादीला ऊन दाखवलं.

दादा


२ मार्च

प्रिय दादा,

आधी वाईट बातमी. मार्चमध्ये येणं जमत नाही. पुस्तिकेची तारीख अलीकडे ओढली आणि दोघेजण मध्येच काम सोडून गेले, त्यांची प्रकरणं माझ्या गळ्यात पडली. मेमध्ये बघते. गादी उचलून ठेव, उगाच धूळ खाईल.

आता गंमत. "यादी उलटी लागली आहे" हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. सगळे इतके हसले की मुख्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. कोणीतरी म्हणालं, तुमच्या दादांना दवाखान्याची फार हौस दिसते. मी म्हटलं, जन्मभर बाटल्या एकाच दिशेने जाताना पाहिल्या, आता त्यांना सगळंच उलटं दिसतं. दादा, रकान्याच्या नावावर एकदा दाबलंस की क्रम फिरतो. ते मी पुस्तिकेत घालते.

"घरी भेट"चं मात्र कोणालाच नीट सांगता आलं नाही. चाचणी भरणारे लोक नुसतं "होय" लिहितात आणि सोडून देतात. आम्ही त्यांना विचारायला सुरुवात केली आहे.

पाचवं प्रकरण पाठवते, कोणाला भाग घेता येतो आणि कोणाला नाही याचं. आजारी नसलेली माणसंही तुलनेसाठी घेतात, तेही त्यात आहे. घाईत लिहिलंय, निर्दयपणे वाच.

छोटी


९ मार्च

चि. छोटी,

पत्र मिळालं. काम आधी, ते बरोबर आहे. गादी उचलली.

पाचव्या प्रकरणात चार ठिकाणी अडकलो. वयाची वरची मर्यादा पंच्याहत्तर असेल तर ती नाव नोंदवण्याच्या दिवशीची की शेवटच्या भेटीची? एक चाचणी संपल्यावर दुसरीत जायला मध्ये किती काळ जावा लागतो? "निरोगी स्वयंसेवक" म्हणजे किती निरोगी, रोजची एखादी गोळी चालू असेल तर तो निरोगी धरतात का? आणि "दोन मुक्काम" असं लिहिलेलं असतं, तेव्हा रात्री जवळ कोणी असतं का?

लवकर कळव. हे जरा घाईचं आहे.

दादा


१५ मार्च

दादा,

आज सकाळी तुझी सगळी पत्रं टेबलावर ओळीने मांडून वाचली. मला फार भीती वाटते आहे.

तुझे प्रश्न मी एकेक करून घेतले, दुरुस्त्या केल्या आणि खूश झाले. ते सगळे एकाच माणसाचे आहेत हे मला दिसलंच नाही. तोल जाण्याचा आजार, हाताशी होता म्हणालास. मंगळवारी एका ठिकाणी जावं लागतं म्हणालास. आता पंच्याहत्तर विचारतोस आणि तुला जुलैत पंच्याहत्तर पूर्ण होतात. रोजची गोळी विचारतोस. रात्री जवळ कोणी असतं का विचारतोस.

तुला काय झालंय? मोठं काही असलं तरी सरळ सांग. वहिनीच्या वेळी तुम्ही दोघांनी मला सगळ्यात शेवटी सांगितलंत आणि मी पोचले तेव्हा ती बोलण्याच्या पलीकडे गेली होती. पुन्हा तसं करू नकोस. भिंतीवर मी "रुग्णाचा भाऊ" असं कार्ड लावलंय. मी रुग्णाची बहीण आहे का, एवढंच लिहून पाठव.

छोटी


२२ मार्च

चि. छोटी,

तू रुग्णाची बहीण नाहीस. रडली असशील तर पुरे कर.

मला चालताना कधीमधी गरगरतं, ते कानांमुळे, ते जुनंच आहे. तुझ्या वहिनीनंतरच्या हिवाळ्यात दवाखान्याच्या भिंतीवर एक कागद पाहिला. म्हाताऱ्यांचा तोल सुधारण्याच्या औषधाची चाचणी होती. मी नाव दिलं. तेव्हापासून दर मंगळवारी बस धरून तिथे जातो. तू तुझं काम सांगितलंस तेव्हा मला हसू आलं होतं. तुझ्या डेटाबेसमध्ये मी आधीच होतो.

तिथे एक नर्स आहे. तुझ्या निम्म्या वयाची असेल. तिला पहिल्या दिवशी सांगितलं की मला ऐकू येत नाही. तेव्हापासून ती खुर्ची ओढून बरोबर माझ्या समोर बसते आणि तोंड माझ्याकडे ठेवून सावकाश बोलते. तिच्या ओठांवरून मला सगळं कळतं. ती विचारते, गेल्या आठवड्यात झोप कशी लागली? जेवण जातंय का? कुठे धडपडलात का? नवीन काही जाणवलं का? आणि मी जे सांगीन ते लिहून घेते. एकदा मी म्हटलं, डाव्या पायाचा बूट चावतो. तिने तेही लिहिलं आणि पुढच्या मंगळवारी विचारलं, बुटाचं काय झालं? माझ्या बुटाची चौकशी तुझी वहिनी गेल्यापासून कोणी केली नव्हती.

सांगायला काहीच नसलं की लाज वाटते. म्हणून आठवडाभर मी लक्ष ठेवून असतो. शिंक आली तरी ध्यानात ठेवतो. मला खरी गोळी मिळते की खोटी, ते मला माहीत नाही आणि त्याने काही बिघडत नाही. नर्स खरी आहे. बाकीचे दिवस दुकानदार पैसे परत देताना काहीतरी म्हणतो, मी मान हलवतो, तेवढंच. घरात मी मोठ्याने बोलून पाहिलं, पण मला माझंच ऐकू येत नाही.

ही चाचणी एप्रिलअखेर संपते. म्हणून पुढची शोधत होतो. यादी उलटी का म्हणत होतो ते आता कळलं असेल. तुम्ही हसलात त्याचा राग नाही.

स्मरणशक्तीवरची एक सापडली आहे. माझ्यासारखी धड माणसं त्यांना तुलनेसाठी हवी आहेत. वर्षभर दर आठवड्याला भेट, शिवाय दोन मुक्काम. पाठीच्या मणक्यातून सुईने थोडं पाणी काढतात, दोनदा. माझी ती रोजची गोळी आड येते असं दिसतं, पण ते बघून घेता येईल. जुलैच्या आत नोंदवायला हवं.

दादा


२९ मार्च

दादा,

बघून घेता येईल म्हणजे काय?

तुझी रोजची गोळी रक्त पातळ ठेवायची आहे. ती घेणाऱ्या माणसाच्या मणक्यात सुई घातली तर आत रक्त साकळतं आणि पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून तशा माणसांना घेत नाहीत. हे मी पाचव्या प्रकरणात तुला समजेल अशा भाषेत लिहिलंय आणि तू ते बारकाईने वाचलंस. म्हणजे तुला कळत नाही असं नाही. तू ती गोळी सांगणार नाहीस. मी तुला ओळखते.

लोक नाइलाजाने तिथे जातात. कोणाचं मूल आजारी असतं, कोणाचं सगळं करून झालेलं असतं. करमत नाही म्हणून पाठीत सुई टोचून घ्यायला कोणी जात नाही. आणि तुझ्या खोट्या माहितीने त्यांचे आकडे चुकले, तर तो तडा कोण हेरणार आहे?

एवढंच असेल तर माझ्याकडे राहायला ये. खोली आहे. सांगून टाक, मी तिकीट काढते.

छोटी


२० एप्रिल

प्रिय दादा,

तू उत्तर दिलं नाहीस. मी रोज खाली जाऊन पेटी बघते, वर येते आणि थोड्या वेळाने पुन्हा जाते, जणू टपालवाला माझ्यासाठी खास दुसरी फेरी मारणार आहे.

मागचं पत्र मी रागाने लिहिलं. गोळीबद्दल लिहिलं ते सगळं खरं आहे, त्यातला एक शब्द मागे घेत नाही. राहायला ये म्हटलं ते मात्र कसंतरीच म्हटलं. तुला तुझी खिडकी आणि त्या मेलेल्या कुंड्या सोडवणार नाहीत, हे मला माहीत असायला हवं होतं. आणि इथे येऊन तू काय करशील? मी सकाळपासून दिवे लागेपर्यंत स्क्रीनसमोर असते. ऑफिसची जागा केव्हाच काढून टाकली, आता सगळं घरातूनच. मीटिंगमध्ये चौकटींत चेहरे दिसतात, कामाचं बोलतात आणि एकेक करून विझतात. तुझ्या उलट्या यादीवर सगळे हसले तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, ते तुला सांगितलं नाही. त्या महिन्यात माझ्या बोलण्यावर कोणी हसलं ते तेवढंच. मी चार कार्डांशी बोलते असं थट्टेत लिहिलं होतं. ती थट्टा नव्हती, दादा. मला एकटं वाटतं. मलाही माझा बूट कोणी विचारत नाही.

पुस्तिका गेल्या सोमवारी लोकांसमोर गेली. शेवटच्या आठवड्यात मी भेटींचं पान नव्याने लिहिलं. यादी उघडताना आता आम्ही आधी विचारतो, तुम्हाला कमी भेटी हव्यात की जास्त? मुख्य म्हणाले, जास्त कोणाला हव्या असतील? मी म्हटलं, एक माणूस आहे. या वेळी कोणी हसलं नाही, मी हसू दिलं नाही.

आता माझी एक चाचणी आहे. आमच्या पद्धतीने भरून पाठवते.

नाव: दादाची विचारपूस.
कोणाला भाग घेता येईल: एका भावाला. वयाची अट नाही. कुठलीही गोळी चालू असली तरी चालेल, लपवायची मात्र नाही.
खोटी गोळी: नाही.
कालावधी: ठरवलेला नाही.
भेटी: दर मंगळवारी, टपालाने.
घरी भेट: होय.

आणि हे या आठवड्याचे प्रश्न. झोप कशी लागली? जेवण जातंय का? कुठे धडपडलास का? बूट? कोणाशी बोलणं झालं का? नवीन काही जाणवलं का? काहीच झालं नसेल तर तसं लिही. इथे लाज वाटायचं कारण नाही.

त्या दुसऱ्या चाचणीच्या कागदावर सही करू नकोस. केली असलीस तर मला सांग.

छोटी


३ मे

चि. छोटी,

उत्तर दिलं नाही कारण रुसलो होतो. या वयात रुसून बसलं की काढायला कोणी येत नाही, आपणच उठावं लागतं.

तुझं शेवटचं पत्र आलं त्या दिवशी मी त्या स्मरणशक्तीवाल्यांकडे गेलो होतो. मोठी इमारत आहे, काचेची. डॉक्टर भला माणूस, तोही समोर बसून बोलला. रोज घेता त्या सगळ्या गोळ्या सांगा, म्हणाला. मी ती एक सोडून सगळ्या सांगितल्या. त्याने लिहून घेतल्या. मग कागदांचा गठ्ठा हातात दिला आणि सांगितलं, आत्ता सही करू नका, घरी न्या, सावकाश वाचा आणि घरच्या माणसाशी चर्चा करून मग ठरवा.

बसमध्ये मी त्या शेवटच्या वाक्याचा विचार करत होतो. घरी आलो, दिवा लावला, कागद टेबलावर ठेवले आणि उभाच राहिलो. घरच्या माणसाशी म्हणजे कोणाशी? तिची खुर्ची आहे, तिच्याकडे बघितलं. मग दाराशी पडलेलं तुझं पत्र उचललं आणि उभ्यानेच वाचलं. चर्चा झाली असं मी धरलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना गोळीचं लिहून कळवलं. आधी का सांगितली नाही तेही लिहिलं. त्यांचं छापील उत्तर आलं, तुम्हाला घेता येत नाही, आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभारी आहोत. खाली पेनने एक ओळ होती, सांगितलंत हे फार बरं केलंत. तो कागद मी ठेवला आहे.

गेल्या मंगळवारी माझी शेवटची भेट झाली. नर्सने पुन्हा सगळे प्रश्न विचारले. मी म्हटलं, सगळं ठीक आहे. तिने हात हातात घेतला, मग पुढच्या बाईंना आत बोलावलं. बाईंनाही कमी ऐकू येत होतं, तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. बाहेर येऊन बसची वाट बघताना मला फार जड गेलं. या मंगळवारी सवयीने स्टॉपवर जाऊन उभा राहिलो, बस आली, गेली आणि मी परत आलो.

आता तुझे प्रश्न. झोप तुटक लागली. जेवण जातं, पण उभ्यानेच उरकतो. धडपडलो नाही. बूट बदलला, आता उजवा चावतो. कोणाशी बोलणं झालं का, तर नाही. पण हे लिहायला दोन दिवस घेतले आणि मध्येमध्ये तू काय म्हणशील ते डोक्यात चालू होतं, ते धरायचं की नाही ते तू ठरव. नवीन एक जाणवलं. मेली म्हणून सोडलेल्या कुंडीतल्या एका झाडाला कोंब आलाय. मी इतके दिवस सवयीने पाणी घालत होतो.

तुझी चाचणी मला मान्य आहे. अट एकच, प्रश्न दोन्हीकडून. झोप कशी लागली? कोणाशी बोललीस? त्या चार कार्डांना धरायचं नाही.

तुझं पान मी नेहमीसारखं बारकाईने तपासलं. बाकी सगळं नीट आहे, पण एका ठिकाणी पुढे जाता येत नाही. "घरी भेट: होय" असं लिहिलंयस आणि तारीख घातलेली नाही.

इथे अडकलो.

दादा